मालदीवची लाइव्हअबोर्ड : बोट शेवटी ठरवा, आधी करंट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे चौघे मित्र दिवाळीच्या सुट्टीत मालदीवला आठवडाभर बोटीवर राहून डायव्हिंग, म्हणजे लाइव्हअबोर्ड, करायचं म्हणताहेत. दोघांचं ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, अंदमानात, हॅवलॉकला झालंय. डाइव्ह प्रत्येकी बारा-चौदा. तिसऱ्याकडे त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड आणि चाळीसेक डाइव्ह. चौथ्याने तारकर्लीला एकदा इन्स्ट्रक्टरच्या हाताला धरून मासे पाहिलेत, तेवढंच. तीन बोटींचे फोटो पाठवून विचारलंय, यातली कुठली घेऊ?

फोटो पाहिले. एकीला गच्चीवर जकूझी आहे, दुसरीच्या केबिनला समुद्राकडे मोठी काच आहे. मी सोळा वर्षं शिकवतेय आणि जवळजवळ दरवर्षी एक ग्रुप मालदीवला नेते. तिथल्या सहलींबद्दल माझ्याकडे जेवढ्या तक्रारी आल्या त्यातल्या फार थोड्या केबिनच्या होत्या. बाकी सगळ्या पाण्याच्या. 'करंट (पाण्याचा प्रवाह) फार होता', 'काही दिसलंच नाही', 'आम्ही मांटासाठी गेलो आणि मांटा दुसऱ्याच बाजूला'. (मांटा म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेला मोठा, चपटा मासा.) म्हणून उत्तर उलट्या क्रमाने देते. बोट सगळ्यात शेवटी.

मालदीवचा नकाशा समोर ठेवा. प्रवाळांची कडी एकाखाली एक, मधल्या भागात दोन रांगांमध्ये. प्रत्येक कडं म्हणजे एक अ‍ॅटॉल. हा शब्दच मुळात त्यांच्या धिवेही भाषेतल्या 'अतोळु'वरून जगभर गेला. त्यातला ळ आपल्याला बिनचूक म्हणता येतो, आणि तेवढ्यावरही बोटीवरची मुलं खूश होतात. कड्याला जिथे खिंड असते तिला ते 'कंडू' म्हणतात. पाण्याखालचा, वर न आलेला खडकाचा सुळका म्हणजे 'थिला'. डाइव्हच्या जागांच्या नावांत हे दोन शब्द सारखे भेटतील, आणि नावावरूनच डाइव्ह कशी असेल याचा निम्मा अंदाज येतो.

आता हिंदी महासागराचं पाणी या कड्यांवर येऊन आदळतं आणि खिंडींमधून आत-बाहेर करतं. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा असतो, तेव्हा पाणी साधारणपणे पूर्वेकडून पश्चिमेकडे जातं. पूर्वेच्या कंडूंमधून खुल्या समुद्राचं निळंशार पाणी आत शिरतं आणि ग्रे रीफ शार्क त्या तोंडाशी येऊन थांबतात. तेच पाणी अ‍ॅटॉलमधून फिरून पश्चिमेला बाहेर पडतं तेव्हा प्लवकांनी गढूळलेलं असतं. मांटाचं जेवण तेच, म्हणून त्या महिन्यांत मांटा पश्चिमेला. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्येचा वारा लागला की सगळं उलटं होतं.

एवढं कळलं की निम्मी जाहिरात आपोआप गळून पडते. बा अ‍ॅटॉलमधल्या हनिफारू बेचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, मांटांचे थवेच्या थवे. तो प्रकार नैर्ऋत्य मोसमातला. शिवाय तिथे टाकी लावून डाइव्ह करायला परवानगीच नाही, फक्त स्नॉर्केलिंग. दर वर्षी कोणी ना कोणी हा फोटो दाखवून मला फेब्रुवारीची तारीख मागतं.

आणि दिवाळी? दिवाळी पडते नेमकी दोन्ही वाऱ्यांच्या सांध्यावर. वारा कुठून येईल, करंट कुठे वळेल, कोणी ठामपणे सांगू शकत नाही. पाऊस असतो, पाणी कधी काचेसारखं तर कधी ताकासारखं. ज्याच्याकडे शंभर डाइव्ह आहेत त्याने जावं, दर स्वस्त मिळतात. पहिल्याच लाइव्हअबोर्डला तो जुगार खेळू नका. जानेवारीचा शेवट ते मार्च बघा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र सोडा, नाताळचे दर परवडण्यासारखे नसतात. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्याने डाइव्ह थांबत नाहीत, पण खलाशी दिवसभर उपाशी राहून तुमच्या टाक्या उचलत असतात याचं भान ठेवा, आणि पुढेमागे एखाद्या बेटावर राहणार असाल तर दिवसा हॉटेलं बंद मिळतील.

महिना ठरला की भिंतीवरची दिनदर्शिका काढा. गंमत नाही करत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान, भरती, हे कोकणातल्या कुठल्याही होडीवाल्याला ठाऊक असतं. मालदीवात भरती-ओहोटीतला फरक फार नाही, मीटरभराच्या आतच, पण तेवढं पाणी अरुंद कंडूमधून जायचं असतं. वाऱ्याच्या करंटवर उधाणाचा जोर चढला की बारा डाइव्हवाल्या माणसाची तारांबळ उडते. शार्क हवे असलेले जुने डायव्हर मुद्दाम पौर्णिमेचा आठवडा निवडतात. तुम्ही अष्टमी मधोमध येईल असा आठवडा निवडा.

यापुढचं जरा कडू आहे. कंडूची डाइव्ह कशी होते ते सांगते, मग तुमचं तुम्हीच ठरवा.

सकाळी पावणेसहा. मोठी बोट लगूनमध्ये उभी असते, डाइव्ह होतात त्या 'धोणी' नावाच्या वेगळ्या बोटीवरून. टाक्या, कॉम्प्रेसर, ओले सूट सगळं धोणीवर. चहाचा कप हातात, गाइड पांढऱ्या फळ्यावर खिंडीचं चित्र काढतो. बाण काढतो, करंट कुठून कुठे. मग धोणी कंडूच्या तोंडाशी जाते आणि गाइड आधी एकटा उडी मारून पाण्यात डोकं घालतो, करंट आत आहे की बाहेर, किती आहे ते बघतो. वर येऊन बोट फिरवून सांगतो आणि मग सगळे एकदम. बीसीडीतली (हवा भरून तरंगायच्या जाकिटातली) हवा काढलेली, उडी मारल्या मारल्या खाली. पृष्ठभागावर मास्क नीट करत बसलात तर खिंडीचं तोंड हुकलं, आणि बाकीचे खाली गेलेले. पंचवीस-अठ्ठावीस मीटरवर खिंडीच्या ओठाला जाऊन मृत खडकात दोरीला बांधलेला रीफ हुक अडकवायचा, बीसीडीत थोडी हवा भरायची आणि पतंगासारखं तरंगत राहायचं. समोर शार्क. मग मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सांगेल तेव्हा हुक काढायचा, पाणी नेईल तसं आत वाहत जायचं, हळूहळू वर यायचं, पाच मीटरला तीन मिनिटं थांबायचं आणि एसएमबीचा केशरी फुगा वर सोडायचा, म्हणजे धोणी तुम्हाला शोधत येते.

ओपन वॉटरचं कार्ड १८ मीटरचं. वरच्या वर्णनातली निम्मी डाइव्ह त्याच्याखाली झाली. माझ्याबरोबर एकदा तुमच्यासारखाच एक मुलगा होता, चौदा डाइव्ह झालेले, अ‍ॅडव्हान्स्ड आदल्याच महिन्यात घाईघाईने उरकलेलं. पहिल्याच कंडूला त्याने दोनशे बारची (बार म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब) टाकी एकोणीस मिनिटांत पन्नासवर आणली. भीतीने नाही, धडपडीने. हुकच्या दोरीशी झटापट, मास्कमध्ये पाणी, पाय सारखे चालू. मी त्याला घेऊन वर आले. आमच्या दोघांचीही डाइव्ह संपली, आणि उरलेला आठवडा त्याने जेवणाच्या टेबलावर फार बोलणं केलं नाही. चूक त्याची नव्हती, त्याला घेऊन जाणाऱ्या माणसाची होती. म्हणजे माझी.

म्हणून तुमच्यातल्या दोन ओपन वॉटरवाल्यांनी आधी अ‍ॅडव्हान्स्ड करावं आणि आकडा निदान तिशीला न्यावा. बऱ्याच बोटी मालदीवसाठी अ‍ॅडव्हान्स्ड आणि तीस ते पन्नास डाइव्ह मागतात, काही पन्नासवर अडून बसतात. बोटीवरच अ‍ॅडव्हान्स्ड करून देतो असं सांगणाऱ्याही असतात. करता येतं, पण त्यात तुमच्या चांगल्या चार-पाच डाइव्ह होकायंत्र बघण्यात जातात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुन्हा अंदमानला जा, किंवा मुरुडेश्वरहून नेत्राणीला दोन वीकेंड करा. डाइव्ह संपल्यावर लॉगबुकात मासे लिहिता तसं किती बार हवेत किती मिनिटं राहिलात ते लिहायला लागा. आणि एसएमबी सोडायला शिका. जलतरण तलावात दहा वेळा, समुद्रात पाच वेळा. हे जमलं नाही तर मालदीव नाही, इतकं मी यावर अडून बसते.

चौथ्या मित्राला बोटीवर नेऊ नका. सगळ्यांना सोबत राहायचंय हे समजतं, पण लाइव्हअबोर्डचा दिवस म्हणजे डाइव्ह, नाश्ता, डाइव्ह, जेवण, झोप, डाइव्ह. न डायव्हणारा माणूस दुसऱ्या दिवशी कंटाळतो आणि तिसऱ्या दिवशी चिडतो. चौघांनी एकत्रच जायचं असेल तर बोट सोडून दक्षिण अरी अ‍ॅटॉलमधल्या धिगुराहसारख्या बेटावर गेस्टहाउसमध्ये राहा. तिथून रोज दोन डाइव्ह करता येतात, चौथा तिथेच ओपन वॉटर करू शकतो आणि व्हेल शार्क त्या भागात वर्षभर फिरतात, त्याला स्नॉर्केलवरूनही दिसतील. खर्चही कमी. फक्त हे वस्तीचं बेट आहे. दारू नाही, आणि पोहण्याचे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच. खरं तर तुमची आजची परिस्थिती बघता माझं पहिलं मत हेच आहे.

तरी बोटच घ्यायची, एक वर्ष थांबून तयारीनिशी घ्यायची, असं ठरलं तर पुढे वाचा.

मार्ग मधल्या अ‍ॅटॉल्सचा घ्या : उत्तर माले, अरी, वावू, दक्षिण माले. सात रात्री, साधारण सतरा ते वीस डाइव्ह. माया थिला रात्री, फिश हेडला शार्क आणि माशांची गर्दी, वावूमध्ये फोत्तेयो कंडू, ही नावं मार्गात असली तर बरं. वावूतल्या अलिमथा जेट्टीची रात्रीची डाइव्ह सगळ्या बोटी घेतात. डझनावारी नर्स शार्क अंगाला घासून जातात, लोक बेहोश होतात. मला तो प्रकार सर्कशीसारखा वाटतो, खाऊ टाकून लावलेली सवय आहे ती. तुम्हाला आवडेल बहुतेक. दक्षिणेकडचे मार्ग, फुवामुलाचे टायगर शार्क वगैरे, त्यांची घाई नको.

रंगीबेरंगी प्रवाळांच्या बागा बघायला निघाला असाल तर अपेक्षा जरा खाली आणा. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून तिथले उथळ प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, २०२४ मध्ये पुन्हा झळ लागली. पाच-दहा मीटरवर बऱ्याच ठिकाणी करडा खच दिसतो. खाली, कपारींच्या छताला मऊ प्रवाळ अजून पिवळेधमक आहेत. मालदीवला जायचं ते मोठ्या माशांसाठी. २०१० मध्ये त्यांनी शार्कची मासेमारी बंद केली, त्याचं फळ डोळ्यांना दिसतं.

आता बोट. ईमेलवर तीन प्रश्न विचारा, जकूझीबद्दल एकही नको. पहिला, खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरा मार्ग आहे का आणि तो कुठे उघडतो? दुसरा, रात्री कोणी जागं राहून फेऱ्या मारतं का? तिसरा, कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज होतात, आणि रात्री ते बंद करतात का?

हे प्रश्न हवेतून आलेले नाहीत. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि ३४ माणसं गेली. खाली झोपायच्या जागेतून वर यायचा जिना आणि आणीबाणीची झडप, दोन्ही एकाच खोलीत उघडत होती, आणि आग त्याच खोलीत होती. रात्री पहाऱ्यावर कोणी नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात 'सी स्टोरी' उलटली, तीही पहाटेच, माणसं केबिनमध्ये झोपलेली असताना. त्या दोन बातम्यांनंतर मी बोटीवर चढले की बॅग ठेवायच्या आधी झडप उघडून बघते. एका बोटीवर, नाव सांगत नाही, झडपेवर जादाच्या लाइफ जॅकेटांचं खोकं ठेवलेलं निघालं. कप्तानाला सांगितल्यावर त्याने हसून हलवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

याशिवाय ऑक्सिजन किट, गाइडमागे किती डायव्हर (चार-पाच ठीक, आठ म्हणजे गर्दी) आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) फुकट की पैसे देऊन, हे विचारा. नायट्रॉक्सचा कोर्स जायच्या आधी करूनच घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ३० मीटरवर साध्या हवेत थांबायला साधारण २० मिनिटं मिळतात, ३२ टक्के नायट्रॉक्सवर अर्ध्या तासाच्या आसपास. दिवसाला तीन डाइव्ह, सलग सहा दिवस, म्हणजे शरीरात नायट्रोजन साठत जातो, त्यालाही त्याने आळा बसतो. ३० मीटर ही तिथल्या नियमाचीच मर्यादा आहे. त्याखाली नेण्याची फुशारकी मारणारा गाइड भेटला तर गाइड बदलून मागा.

पैशांचं : मी पाहिलेल्या मध्यम दर्जाच्या बोटींचा आठवडा माणशी दीड ते अडीच हजार डॉलरमध्ये बसतो, विमान वेगळं. पण कोटेशनमध्ये नसलेल्या गोष्टी शेवटच्या दिवशी बिलात येतात. ग्रीन टॅक्स, जीएसटी, सामानाचं भाडं, कधी इंधनाचा अधिभार, आणि खलाशांची टिप. 'सगळं धरून आकडा सांगा' असं लेखी मागा. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. प्रवासाआधीच्या ९६ तासांत मालदीव इमिग्रेशनचा 'इमुगा' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही फुकट असतो, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. ड्यूटी फ्रीमधून बाटली घेऊ नका, मालेला विमानतळावर काढून घेतात. बोटीवर बार असतो.

बोट सुटायच्या आदल्या दिवशी पोहोचा, विमानतळाशेजारच्या हुलहुमालेत एक रात्र काढा. माझी बॅग एकदा तीन दिवस उशिरा आली, आणि बोट कोणासाठी थांबत नाही. तेव्हापासून मास्क, कॉम्प्युटर आणि रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र) हातातल्या बॅगेत. बाकी भाड्याने घेतलं तरी चालतं, मास्क आणि कॉम्प्युटर मात्र स्वतःचेच. पाणी २८-२९ अंश असतं, ३ मिलिमीटरचा सूट पुरतो, पण चौथ्या दिवसापासून थंडी वाजू लागते, म्हणून एक पातळ टोपी ठेवा.

मेडिकल फॉर्म घरीच डाउनलोड करून वाचा. दमा, बीपी, मधुमेह यातल्या कशाला 'होय' म्हणावं लागत असेल तर इथल्याच डॉक्टरची सही घ्या. बोटीवर फॉर्म भरताना कळलं तर उशीर झालेला असतो. बोट लागण्यासाठी आपल्याकडे सर्रास अ‍ॅव्होमिन घेतात, घाटात ठीक आहे, पण तिने गुंगी येते आणि गुंगीत डाइव्ह करायची नसते. पर्याय डॉक्टरला विचारा आणि जायच्या आधी एकदा घरी घेऊन बघा. रोज डाइव्हनंतर कानात गोडं पाणी घालून कान धुवा. सहलीचे दिवस वाया जातात ते शार्कमुळे नाही, कान सुजल्यामुळे.

विम्याचं एकच सांगते. साध्या प्रवासविम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचा आणि डॅनसारखा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. डीकम्प्रेशन चेंबर (शरीरात साठलेल्या नायट्रोजनच्या त्रासावर उपचार होतात ती खोली) मालेजवळ बांदोसला आहे, पण अरीच्या टोकावरून स्पीडबोटीने तिथे पोहोचायचं बिल कोणी तरी भरायचं असतं.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, 'मासे चालतील ना?' असा प्रतिप्रश्न येईल, तेव्हा पुन्हा कळवा. मासे खाणाऱ्यांनी सकाळचं मास हुनी सोडू नका. ट्यूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, हाताने कालवलेलं, आणि सोबत 'रोशी', म्हणजे आपली पोळीच. मालवणी माणूस पहिल्या घासाला गप्प होतो.

परतीचं विमान बुक करताना शेवटच्या डाइव्हपासून निदान १८ तास मोजा, मी २४ धरते. बोटी शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी उरकतात ती याचसाठी. रविवारी सकाळी उतरणार असाल तर रविवारचं दुपारचं विमान चालेल, शनिवारी रात्रीचं नाही.

तर आता करायचं एवढंच. दोघांनी अ‍ॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्सची तारीख पक्की करा, चौथ्याशी मोकळेपणाने बोलून घ्या, आणि पुढच्या जानेवारी ते मार्चमधल्या अष्टम्या बघून सुट्टी कुठल्या आठवड्यात मिळते ते मला कळवा. बोटींची यादी मी त्यानंतर पाठवते. जकूझीवाली त्यात असेलही.